सुईचं नेढं सुईचंच राहू द्या

श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. परवाच्या उपासनेत या वचनाचा अर्थ सांगताना तो दरवाजा पुन्हा ऐकला. यरुशलेमेच्या तटाला म्हणे 'सुईचं नेढं' नावाची छोटी दिंडी होती. उंटावरचं ओझं उतरवून त्याला गुडघ्यांवर बसवलं की तो कसाबसा आत जायचा, तसं श्रीमंतानंही थोडं ओझं उतरवावं आणि नम्र व्हावं. लहानपणापासून मी हे ऐकत आले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण येशूच्या काळी असा दरवाजा होता याचा काहीही पुरावा नाही. ही कल्पना कित्येक शतकांनंतरच्या भाष्यांतून पसरली.

हे वचन ज्यात येतं त्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायात शिष्यांचं काय होतं ते बघा. ते थक्क होऊन एकमेकांना विचारतात, मग तारण तरी कोणाचं होणार? छोट्या दिंडीची गोष्ट असती तर एवढं हादरायचं काय कारण होतं? आणि येशूही त्यांना सोपं करून सांगत नाही. माणसांना हे अशक्य आहे, म्हणतो, देवाला नाही. पुढे बाबेलच्या तालमूदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथातही, अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती येतो, म्हणजे बोलण्याची ही रीत त्या मुलखातलीच. आपल्या राजगडालाही नेढं आहे, खडकातलं आरपार भोक, त्यात माणसं वाऱ्याला निवांत बसतात. येशू तसल्या नेढ्याबद्दल बोलत नव्हता. तो सुईबद्दल बोलत होता.

विरोधाभास हा अलंकार म्हणून आपण शाळेत शिकलो, आणि अलंकार म्हटला की काढून ठेवता येतो असं वाटतं. शुभवर्तमानातला विरोधाभास काढून ठेवला तर हातात काही उरतच नाही. तो ऐकणाऱ्याला बसल्या जागेवरून उठवतो. येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, घ्या, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय. मालक पहाटेपासून मजूर लावतो, शेवटचे तर दिवस मावळायला तासभर राहिला असताना लावतो, आणि सगळ्यांना सारखाच एक दीनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, देतो. आमच्या संडे स्कूलमधला एक मुलगा तडक म्हणाला, "बाई, मग उद्या सकाळी कोण येईल कामाला?" मला फार आवडला तो प्रश्न. सकाळी आलेल्या मजुरांचाच राग होता तो, त्या मुलाला कळायच्या आत दाखल्यानं त्याला त्यांच्या रांगेत उभं केलं होतं.

या दाखल्याची रचना तर पाहत राहावी अशी आहे. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून पैसे द्यायला सुरुवात कर. आधी आलेल्यांना आधी दिले असते तर ते आपापला दीनार घेऊन खुशीत घरी गेले असते, कुरकुर झालीच नसती. मुद्दाम त्यांना थांबवून बघायला लावलंय. आणि शेवटी मालक विचारतो, मी चांगला वागलो ते तुझ्या डोळ्यांत सलतं का? मजुराचं उत्तर मत्तयानं लिहिलेलं नाही. आम्हीही त्या दिवशी वर्गात लिहिलं नाही.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

"जो कोणी आपला जीव वाचवू पाहतो तो आपल्या जिवाला मुकेल." चार शुभवर्तमानांत मिळून हे वचन सहा वेळा येतं. त्यातला 'आपला' हा शब्द कृपा करून नीट वाचा. मार्कात हे म्हणणारा येशू स्वतःच्या मरणाविषयी नुकताच बोललेला आहे. येशूचा प्रेषित पौल, त्याचंही तसंच. "जेव्हा मी अशक्त तेव्हाच मी सशक्त" हे तो करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो तेव्हा त्याच्या शरीरात काटा आहे, तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली आहे. समोर मोठेपणा मिरवणारे प्रेषित आहेत, आणि हा स्वतःची बढाई म्हणून काय सांगतो, तर दिमिष्कात (दमास्कसमध्ये) टोपलीत बसून तटावरून खाली सोडलं गेल्याची हकिकत. दुसऱ्या कुणाला तो म्हणत नाही की तू अशक्त राहा, त्यातच तुझं बळ आहे. ही वाक्यं ज्यानं त्यानं स्वतःविषयी म्हणायची आहेत. बळ असलेल्या माणसानं ती दुसऱ्याच्या माथी मारली की त्यांचं विष होतं, आणि हे मी फार वेळा पाहिलंय.

घरी मार खाणाऱ्या मंडळीतल्या एका बहिणीला हेच मार्कातलं वचन ऐकवून परत पाठवायला निघाले होते. ऐकवणारे वयानं मोठे, प्रार्थना करणारे. ती माझ्याकडे आली ती हेच विचारत, की देवाची खरंच अशी इच्छा आहे का. मला लांबलचक बोलता येईना. मी शास्त्र उघडलं आणि तिला पुढची ओळ वाचायला सांगितली, मार्क ८:३६. सगळं जग मिळवलं आणि आपला जीव गमावला तर माणसाला काय लाभ? आदल्या ओळीत जो जीव सोडायचा तोच हा जीव, मूळ ग्रीकातही शब्द एकच. तोच इथे साऱ्या जगापेक्षा मोलाचा ठरतो. दोन्ही ओळी लागोपाठ आहेत आणि एकही दुसरीला खोडत नाही.

तिनं दोन्ही ओळींवर बोट ठेवून दोनदा वाचल्या. मग म्हणाली, "ताई, हे मला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं."

ती सध्या माहेरी आहे.