कार्ड नवं, झटके तेच

"फ्रेमरेट पडतोय? ग्राफिक्स कार्ड बदल." हे वाक्य यापुढे कोणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी ऐकून घेणार नाही. फ्रेमरेट म्हणजे सेकंदाला स्क्रीनवर उमटणारी चित्रं, म्हणजेच फ्रेम. ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम, अडखळतोय असं म्हणायचा अवकाश, जो तो हेच सांगतो. विकणारा सांगतो, व्हिडिओवाला सांगतो, मित्राचा मित्र सांगतो. गेममधला रूट (रेल्वेमार्ग) कोणता, गाडी किती डब्यांची, प्रोसेसर कुठला, रिझोल्यूशन किती, एक प्रश्न विचारत नाहीत. मी स्पष्ट विचारलं होतं की नक्की अडतंय कुठे ते आधी सांगा. उत्तर ठरलेलं. कार्ड बदल.

बदललं. चांगलं दणकट कार्ड घेतलं. आणि मोठ्या जंक्शनात शिरताना गाडी पूर्वी जिथे लटपटायची, तिथेच आजही लटपटते. फ्रेमरेट जवळजवळ तेवढाच. दोन-चार फ्रेम वाढल्याही असतील, पण दोन-चार फ्रेमसाठी कोणी एवढे पैसे मोजत नाही.

खरा संताप पुढे आहे. गर्दीच्या यार्डात गाडी उभी करून कार्डाचा वापर पाहिला. ३५ टक्क्यांच्या आसपास! समोर रूळांचं जाळं, उभे रेक, खांबांची रांग, तारांचा गुंता, आणि कार्ड अर्धंसुद्धा कामाला लागलेलं नाही. इतकं थंड की मधूनमधून त्याचे पंखेच बंद पडतात, कारण हल्लीची कार्डं हलक्या कामाला पंखे फिरवत नाहीत. म्हणजे ज्याच्या नावाने खिसा रिकामा केला ते आरामात बसून आहे, आणि स्क्रीनवर गाडी हिसके खातेय.

मग अडतंय कुठे? प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे गणित करणाऱ्या त्याच्या अनेक भागांपैकी एकावर. एकाच.

ट्रेन सिम्युलेटरचं काम इतर गेमसारखं नसतं, हे या सल्लागारांना का कळत नाही? बंदुकांच्या गेममध्ये बहुधा एक बंदिस्त जागा आणि थोडी माणसं असतात. इथे क्षितिजापर्यंत पसरलेला मार्ग आणि त्यावर हजारो सुट्या वस्तू: खांब, ओव्हरहेड वायर, सांधे, सिग्नल, फलाटावरचे बाक, पाट्या, कुंपणं, झाडं. यातल्या वस्तू स्क्रीनवर रेखाटायला प्रोसेसरने कार्डाला वेगवेगळे हुकूम द्यावे लागतात. त्यांना ड्रॉ कॉल म्हणतात. एकेका फ्रेमला हजारो हुकूम, आणि डायरेक्टएक्स ९ किंवा ११ वर (विंडोजवर गेमने कार्डाशी बोलायची जुनी पद्धत) बेतलेल्या गेम इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरात, ते बहुतेक एकाच थ्रेडमधून (एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यातून), एकामागून एक सुटतात. वर गाडीचं सगळं गणितही बऱ्याचदा त्याच थ्रेडच्या माथी. पन्नास वाघिणींची मालगाडी असेल तर प्रत्येक वाघिणीचं कपलिंग ताणलंय की सैल आहे, ब्रेकच्या नळीतला दाब शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचला का, चढावर चाकं घसरतायत का, हे सगळं सतत मोजायचं. शिवाय समोरून येणाऱ्या गाड्या, त्यांचं वेळापत्रक, सिग्नलच्या स्क्रिप्ट. हे सारं १६.७ मिलिसेकंदांत उरकलं तर सेकंदाला ६० फ्रेम मिळतात, ३३ मिलिसेकंद लागले तर ३०. तोवर कार्ड हुकुमाची वाट बघत बसतं. पुढे एकेरी मार्ग आणि सिग्नल लाल असताना मागे कितीही ताकदीचं इंजिन जोडा, गाडी इंचभर सरकत नाही.

आणि हे लक्षातही येत नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसरचा वापर १५ टक्के दाखवतो. बघणारा म्हणतो, प्रोसेसर तर मोकळाच आहे, म्हणजे कार्डच कमी पडतंय. अरे, तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी आहे! एका वेळी १६ थ्रेड चालवू शकणाऱ्या प्रोसेसरवर एक थ्रेड काठोकाठ भरला तरी सरासरीत तो ६ टक्क्यांच्या जरासा वर दिसतो. त्यातून विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहते, त्यामुळे एकही कोअर शंभरावर अडकलेला धड दिसत नाही. ज्या आकड्यावरून लोक निर्णय घेतात तोच आकडा असा फसवतो.

या प्रकाराला इतिहास आहे. २००७ मध्ये रेल सिम्युलेटर हा गेम आला. त्याच पायावर २००९ मध्ये रेलवर्क्स, मग दरवर्षी नवा आकडा लावून ट्रेन सिम्युलेटर, आणि शेवटी ट्रेन सिम्युलेटर क्लासिक. ६४ बिटची आवृत्ती आली ती २०१८ मध्ये. तोपर्यंत ३२ बिटच्या मर्यादेमुळे गेमला ४ जीबीच्या पलीकडे मेमरी वापरताच येत नव्हती. घरी १६ जीबी रॅम असो की ३२, मोठा रूट भरला की गेम कोसळायचा. आणि तेव्हाही सल्ला काय मिळायचा? जास्त मेमरीचं कार्ड घे. नंतरच्या ट्रेन सिम वर्ल्डने अनरिअल इंजिन ४ हे तयार गेम इंजिन घेतलं. चित्र देखणं झालं, पण खेळाचा मुख्य थ्रेड तिथेही एकच, तो अडला की सगळं अडतं.

दुसरीकडे ओपन रेल्स बघा. फुकट आहे, स्वयंसेवकांनी रिकाम्या वेळात बनवलंय, आणि २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे रूट त्यावर चालतात. त्यांनी कामाची वाटणी केली: देखावा डिस्कवरून आणणं वेगळं, गाड्यांचं गणित वेगळं, चित्र काढणं वेगळं, आवाज वेगळा. आणि एफ५ दाबून माहितीची पानं उलटत गेलं की यातलं कोणतं काम किती टक्के भरलंय ते स्क्रीनवर चक्क लिहून येतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरमध्येही डेव्हलपर मोडमध्ये सरळ लिहून येतं की तुम्ही मुख्य थ्रेडमुळे अडलायत की कार्डामुळे. एक ओळ! ती ओळ माझ्या सिम्युलेटरमध्ये असती तर हे कार्ड मी घेतलंच नसतं. विकतच्या ट्रेन सिम्युलेटरना ती दाखवायला काय जड जातं? एकेका रूटचे वेगळे पैसे घेता, एकेका इंजिनाचे वेगळे पैसे घेता, आणि आमचं यंत्र कुठे धापा टाकतंय एवढंही सांगत नाही.

सांगतात काय, तर "शिफारस केलेली क्षमता". अमुक कार्ड, तमुक जीबी, प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झ, चार कोअर. ही शिफारस कशाची? कोणत्या रूटवर, किती रिझोल्यूशनला, सेकंदाला किती फ्रेम मिळवायला? काही नाही. ३ गिगाहर्ट्झ तर पेंटियम ४ नेसुद्धा २००२ मध्ये गाठले होते. आजचा प्रोसेसर त्याच वेगाला कितीतरी पट जास्त काम करतो. तेव्हा नुसत्या गिगाहर्ट्झचा आकडा छापणं म्हणजे काहीच न सांगणं. एका कोअरची ताकद आणि कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) या दोन गोष्टींवर या खेळाचं बरंचसं गणित ठरतं, आणि त्याच दोन गोष्टी यादीत नसतात. २०२२ मध्ये एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आला, ९६ एमबी एल३ कॅशे घेऊन. सिम्युलेटरवाल्यांना त्याचा फायदा झाला, आणि ज्यांच्याकडे आधीपासून एएम४चा, म्हणजे त्याच खाचेचा मदरबोर्ड होता त्यांच्यातल्या बहुतेकांना बायोस (मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून तोच मदरबोर्ड ठेवता आला. पण दुकानात फ्रेमरेट म्हटलं की हात आपोआप कार्डाच्या खोक्याकडेच जातो.

बरं, कार्ड घ्यायचंच म्हटलं तर तिथेही धड काही कळू देत नाहीत. नावं अशी की माणूस फसलाच पाहिजे. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० चंच उदाहरण घ्या. ३ जीबी आणि ६ जीबी. वाटतं, फरक मेमरीचा. नाही, ३ जीबीवाल्यात कोअरही कमी, १२८० ऐवजी ११५२. जीटी १०३० चं तर २०१८ मध्ये डीडीआर४ मेमरीचं रूप काढलं, मेमरीचा वेग आधीच्या जवळपास एक तृतीयांश, नाव मात्र तेच. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर केलं, १२ जीबी आणि १६ जीबी, दोन्हींत चिपच वेगळी. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे १२ जीबीवालं मागे घेतलं. २०१६ मध्ये जीटीएक्स १०७० वर ८ जीबी मेमरी होती. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० वरही ८ जीबीच. इतक्या वर्षांत रूटचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) कुठल्या कुठे गेले, आणि यांची मेमरी तिथेच!

लेनचं, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटांचं तर कोणी बोलतच नाही. आरटीएक्स ४०६० सारखी कार्डं लांबीला पूर्ण स्लॉट अडवतात, पण लेन वापरतात आठच. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच, आणि मेमरीही ४ जीबी. जुन्या मदरबोर्डवर पीसीआयई ३.० ची (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) एक लेन सेकंदाला जेमतेम १ जीबी नेते. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल रॅममधून या अरुंद वाटेने आणावा लागतो, आणि ट्रेन सिम्युलेटरमध्ये गाडी पुढे जाते तसा नवा देखावा सतत येतच असतो. म्हणजे ज्याच्याकडे जुनं यंत्र आहे आणि म्हणून जो स्वस्तातलं कार्ड शोधतोय, नेमकं त्यालाच हे सगळ्यात जास्त छळतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं हे. लिहीत नाहीत.

बसवण्याचा तर वेगळाच छळ. तीन स्लॉट जाडी, तीनशे मिलिमीटरच्या वर लांबी, कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा काढल्याशिवाय आत जात नाही. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ८ पिनच्या एका जोडणीतून १५०, आणि एकट्या कार्डालाच एवढी वीज लागते म्हटल्यावर जुना पॉवर सप्लायही बाद. एका दुखण्यावर औषध आणायला गेलो आणि अर्धं यंत्र उघडं पडलं.

कार्डाने काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. ओव्हरहेड वायर पूर्वी चमचम करायची, लांबवर तुटक दिसायची. आता सुपरसॅम्पलिंग (चित्र मोठं रेखाटून लहान करणं) चढवता येतं आणि तार शेवटपर्यंत सलग दिसते. सावल्या, रात्रीचा पाऊस, ४के, ही कार्डाचीच कामं आहेत. ज्याला तेवढंच हवंय त्याने जरूर घ्यावं. पण मी सौंदर्य मागितलंच नव्हतं! मला झटके घालवायचे होते.

त्यावर आता नवा उपाय पुढे करतात: फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालायची, की कोपऱ्यातला आकडा दुप्पट. पण मुख्य थ्रेड १०० मिलिसेकंद अडकला तर बनवायला पुढची खरी फ्रेमच नसते. झटका तसाच बसतो. अपस्केलिंगचंही (चित्र लहान रेखाटून मोठं करणं) तेच, ते कार्डाचा भार हलका करतं, ज्याच्यावर मुळात भारच नाही. आणि सरासरी फ्रेमरेटमध्ये हे झटके दिसत नाहीत, म्हणून परीक्षण करणारे खुशाल आलेखात लांबलचक हिरवे पट्टे काढून मोकळे होतात.

हा झटका कुठे बसतो ते बघा. मोकळ्या माळावर नाही. फलाट जवळ येतो, नवा देखावा भरायला लागतो, समोर दुसऱ्या गाड्या जन्माला येतात, आणि नेमकं त्याच वेळी मी ब्रेक एकेक टप्पा सोडत गाडी खुणेवर आणत असतो. या खेळाचा सगळा जीव त्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आहे. वेग किती उतरतोय ते डोळ्यांनी जोखायचं, हात हलका ठेवायचा, डबे एकमेकांवर न आदळता गाडी थांबवायची. तिथेच चित्र गोठतं, पुन्हा चालू होतं तेव्हा इंजिन खुणेच्या पुढे. कित्येक तासांची फेरी त्या एका क्षणात मातीमोल.

"माझ्याकडे तर मस्त चालतं" म्हणणाऱ्यांनाही एकदाच सांगतो. उजाड प्रदेशातल्या रूटवर एकटं इंजिन पळवून तुमचं मस्त चालत असेल. पूर्ण वेळापत्रक चालू ठेवून, लांब गाडी घेऊन, मोठ्या टर्मिनसमध्ये शिरून दाखवा, मग बोला.

आणि कार्ड घ्यायला निघालेल्यांनो, पैसे देण्याआधी एवढं करा. जिथे सगळ्यात जास्त अडखळतं तिथे गाडी उभी करा, फ्रेमरेट बघा, रिझोल्यूशन निम्म्यावर आणा, पुन्हा बघा. आकडा वर गेला तर कार्ड कमी पडतंय. आकडा हलला नाही तर देखाव्याची घनता आणि दिसण्याचं अंतर कमी करून बघा. त्याने फरक पडला तर अडचण प्रोसेसरची आहे, आणि जगातलं सगळ्यात महाग कार्डही ती सोडवणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मला हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, बनवणाऱ्यांनी यादीत छापलं नाही, सल्ला देणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

माझ्यापुरतं ठरलं आहे. मुख्य थ्रेड किती भरलाय आणि कार्ड किती भरलंय, हे दोन आकडे सिम्युलेटरच्या स्क्रीनवर येत नाहीत तोवर मी एकही नवा रूट विकत घेणार नाही. सवलतीत आला तरी नाही.