चौथ्या महिन्यातली मोडलेली झोप

चौथ्या महिन्यात बाळाची झोप मोडणं हा वाढीचाच भाग असतो, हे तुम्ही बाळाच्या झोपेवरच्या तुमच्या लेखात लिहिलंत ते फार बरं केलंत. आमची लेक रात्री सलग पाच तास झोपायची, ती अचानक तासातासाला उठायला लागली. कोथरूडच्या आमच्या घरी जो तो म्हणे, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. वजन तर छान वाढत होतं! या वयात झोपेचे टप्पे मोठ्यांसारखे होऊ लागतात, म्हणून हलक्या झोपेत बाळ जागं होतं, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मला रडूच आलं. मग रोज साडेसातला दिवे मंद, अंगाई, आणि पेंगुळली की पाळण्यात, पाठीवर. सासूबाईंनी मायेनं शिवलेली राईची उशी मात्र काढून ठेवली. वर्षाच्या आत उशी नकोच. तीन आठवडे लागले. आता दोनदाच उठते.