"दुसरा कर" म्हणे!

सकाळी केर काढताना भिंतीखाली अंगठा सापडला. लेक तीन महिन्यांचा असताना मिठाच्या कणकेत त्याच्या हाताचा ठसा घेतला होता ना, त्या चकतीचा अंगठ्याकडचा तुकडा. वर बघते तर अख्खी चकती ओलीकिच्च, बोटांच्या खुणा पुसट झालेल्या, कडेला काळी बुरशी. तिथेच बसून रडले. आणि मोठ्या वन्सं चहाचा कप हातात घेऊन काय म्हणाव्यात? "अगं, कणकेचाच तर होता, दुसरा कर."

दुसरा कर? कुठून करू? तो हात आहे का आता घरात? मार्चमध्ये त्याचा पंजा माझ्या दोन बोटांवर मावायचा, आता सात महिन्यांचा झालाय, माझे केस धरून ओढतो. मैदा परत आणता येतो, मीठ परत आणता येतं, तीन महिन्यांचा हात कुठल्या दुकानात मिळतो ते सांगा ना. पापड मोडला की दुसरा लाटतात, हा काय पापड होता? आणि ह्या बाईंना स्वतःला दोन मुलं आहेत, त्यांना तरी कळायला हवं होतं! दिवसभर कानात तेच, दुसरा कर, दुसरा कर.

आणि ते व्हिडिओवाले. एक वाटी मीठ, दोन वाट्या मैदा, वाटीभर पाणी, ओव्हनमध्ये 100 डिग्रीवर तीन तास, आयुष्यभराची आठवण तयार. मीठ हवेतली ओल ओढतं हो, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतो आपण! रत्नागिरीत वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, इथे काय टिकणार? वार्निशचे दोन हात दिले होते मी, पुढून मागून. दोरी ओवायचं भोक राहिलं, तिथूनच ओल शिरली असणार, पण भोकाच्या आतूनही वार्निश लावा हे एकानेही सांगितलं नाही.

त्याआधी तो महागडा साच्याचा किट. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तीच पावडर, पाणी कोमट असलं की भराभर घट्ट होते, आणि आमच्या नळाला थंड पाणी कुठलं, हात घालायच्या आधीच भांड्यात गोळा. वर पत्रकात लिहिलेलं, बाळाचा पंजा उघडा ठेवा. एवढ्याशा बाळाच्या तळव्याला काही लागलं की ते मूठ आवळतं, ते त्याच्या हातात नसतं, आणि हे आम्हाला सांगतायत उघडा ठेवा!

मग चुलतसासरे गणपतीच्या कारखान्यातून पीओपीची पिशवी घेऊन आले, दाब म्हणाले पोराचा हात यात. मी ओरडलेच. पीओपी घट्ट होताना भाजण्याइतकं तापतं, 2007 साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने त्यात हात घातले आणि तिची बहुतेक बोटं गेली. तर मीच उद्धट ठरले, अजून बोलत नाहीत. नाही बोलले तरी चालेल.

हॉस्पिटलने जन्मल्याबरोबर फाईलवर पायाचा ठसा घेतला होता, त्याची साधी झेरॉक्स मागितली तर म्हणे नियमात बसत नाही. माझ्याच पोराचा पाय!

आता शाडू आणून सात महिन्यांचा ठसा घेणार आहे, शाडू निदान तापत तरी नाही. पण तो सात महिन्यांचाच असेल. अंगठ्याचा तुकडा डब्यात तांदळात पुरून ठेवलाय, रोज उघडून बघते वाळतोय का. मघाशी वन्सं विचारत होत्या, अजून राग गेला नाही का गं. नाही गेला.