फॉरवर्ड पास रूझवेल्टच्या हुकुमाने आला नाही

‘१९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढून अमेरिकन फुटबॉलमध्ये फॉरवर्ड पास आणला आणि खेळ सुरक्षित झाला,’ असा मजकूर सध्या फिरतोय. फॉरवर्ड पास म्हणजे चेंडू हाताने पुढे, प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला फेकणं. या मजकुराचा मोठा भाग चुकीचा आहे.

९ ऑक्टोबर १९०५ रोजी रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, हे खरं. पण ती समजावणी होती. नियम बदलण्याचा अधिकार रूझवेल्टकडे नव्हताच. त्या हंगामात अनेक तरुण खेळाडूंचे जीव गेले, कॉलेजांवर दबाव वाढला आणि १९०६ मध्ये नियम समितीने बदल केले: पुढे पास फेकायला परवानगी, आणि तीन डाउनमध्ये (म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या तीन प्रयत्नांत) पाचऐवजी दहा यार्ड पुढे जाण्याची अट.

हा पास आजच्यासारखा मोकळा मात्र मुळीच नव्हता. कोणाचाही हात न लागता चेंडू जमिनीवर पडला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्यांना मिळे. एवढी जोखीम घेणार कोण? म्हणून बरेच संघ जुन्याच धक्काबुक्कीवर विसंबून राहिले. १९०९ मध्ये पुन्हा मैदानावर मृत्यू झाले, तेव्हा १९१० मध्ये खेळाडूंनी एकमेकांना धरून साखळी करण्यावर बंदी आली. चौथा डाउन, सहा गुणांचं टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं) आणि दहा यार्डांचा एंड झोन (त्या रेषेमागचा पट्टा) हे तर थेट १९१२ चे.

त्या मुलांच्या मृत्यूंनंतर सुधारणा यायला इतकी वर्षं लागली, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकं तेच गाळलेलं आहे.