तरोटा खुडणार कोण?

काल पाऊस जरा उघडला आणि नागपुरात नंदनवनच्या टपरीवर चहा घेता घेता तरोटा, काटवल असल्या पावसाळी रानभाज्यांवरून वाद पेटला. पवनीवाला म्हणे, "नागपूरले आलो अन् गावचं खाणं संपलं बे, पोट्टे तरोटा पाहून नाक मुरडतात, काटवल तेवढं खातात, तेही पावाले साठ रुपये मोजून."

जरीपटक्याच्या मित्राला हे पटेना. त्याचे आजोबा 1947 च्या फाळणीत सिंध सोडून आले, घरदार तिकडेच राहिलं, पण कमळकाकडी, ते तिला बीह म्हणतात, त्यांच्याकडे अजून शिजते. "मग तुमचंच काऊन संपते?"

मी म्हटलं फरक आहे ना भाऊ, कमळकाकडी ठेल्यावर मिळते, ती उगवते कुठं हे घरात कोणाला माहीत नसलं तरी चालते. तरोटा, केना असल्या रानभाज्या आमच्याकडे विकत कोण घेत होतं, आजी बांधावरून ओटीत खुडून आणायची, आणि आम्ही शहरात आलो तेव्हा भांडीकुंडी सगळी आली, आजी मात्र गावातच राहिली. सूनबाई ड्युटी करून सातला घरी येते, तिला ही पानं दाखवली कोणी? माझी आजी एकदा सहा महिने आमच्याकडे होती, रिकाम्या प्लॉटवर बोट दाखवून रोज नावं सांगायची, मी मोबाईलमध्ये. आज मला फक्त तरोटा ओळखू येतो, एका पानाला छोट्या पानांच्या तीन जोड्या, रात्री मिटतात. याचं मला फार वाईट वाटतं.

छत्तीसगडवाला इतका वेळ गप्प होता. "आमच्याकडे त्यालेच चरोटा म्हणतात. माय साईटवर कामाले जायची तेव्हापासून येता येता खुडून आणते, लसूण-मिरचीची फोडणी अन् भात." म्हणजे एवढ्या लांबून आलेल्या त्याच्या मायच्या, आमच्या काकींच्या घरी भाजी टिकली आणि दोन तासांवरच्या पवनीवाल्याच्या घरातून गेली!

पवनीवाला चिडलाच, "प्लॉटवरचं खाऊ का? नालीचं पाणी, कुत्रे, फवारे?" हे मात्र खरं आहे, नालीकाठचं खुडूच नये, तिथं मी वाद घातला नाही.

मग ठरलं की काकींना घेऊन रिंग रोडपलीकडे ओळखीच्या शेतावर जायचं, पवनीवाला पोरीला आणणार. पुढच्या रविवारी जमेल का म्हणून काकींना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "याच रविवारी या बेटा, पुढच्याले पान निबर होईन."