खोललेली आरएक्स

यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल बनवणं १९९६ साली बंद झालं, ती खोलणं मात्र कुणालाच बंद करता आलेलं नाही. ५० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० मिलिमीटरच स्ट्रोक (पिस्टनची धाव), ९८ सीसी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, ते हलवणारा कॅम नाही, टायमिंग चेन नाही. साहजिकच प्रत्येकाला वाटतं, गॅलरीत पेपर अंथरला की काम झालं. टू-स्ट्रोक माणसाला फसवते ती इथंच.

आम्हा मंडळींना सगळ्यात आधी सुचतं पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वायू ये-जा करायची भोकं (पोर्ट) घासून मोठी करणं. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड मिलिमीटरभर घासली की वरच्या आरपीएमला गाडी पिसाळते आणि खालचा दम जातो. म्हणजे हायवेवर राजा, आणि स्पीडब्रेकर ओलांडला की हाफ क्लचमध्ये विनवण्या. घासलेल्या कडा ऑइलस्टोननं मारल्या नाहीत तर पिस्टनची रिंग तिथं अडकून तुटते. पोर्ट रुंद करायचा मोह झालाच, तर ग्राइंडर ठेवून जेवून घ्यावं.

बोअरिंगला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून घ्यायला, ब्लॉकसोबत नवा पिस्टनही न्यायचा. माप पिस्टनवरून निघतं. "टाइट ठेवू का सुटं?" असं लेथवाले मामा विचारतात. उत्तर "दीड थाऊ" (इंचाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट फट) असं द्यायचं. "तुम्हीच बघा" म्हणणाऱ्याचा पिस्टन पहिल्याच चढाला चिकटतो. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवर, आणि पिस्टनची आडवी पिन अडवणारं सर्क्लिप बसवताना क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडात फडकं कोंबलेलं. जुनं सर्क्लिप परत वापरायचं नाही, अगदी नवंकोरं दिसत असलं तरी.

हेड घासून प्लेन करून घेतलं असेल तर पिस्टनवर त्या आडव्या पिनच्या रेषेत सोल्डरची तार ठेवून क्रँक एकदा फिरवा. चेपलेली तार कडेला एक मिलिमीटरच्या आसपास भरली की ठीक. अर्धा भरली तर पिस्टन हेडला भेटायला जाण्याची भीती.

क्रँकचं बेअरिंग बसवायला हातोडी लागत नाही. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. क्रँककेस डिझेलनं धुऊन, पूर्ण कोरडा करून, जुन्या तव्यावर मंद आचेवर. पाण्याचा थेंब चुर्र झाला की बेअरिंग आपोआप आत बसतं. आई फक्त एवढंच विचारते, "तो तवा आता कशाला वापरायचा?" या प्रश्नाला उत्तर नाही.

खरा छळ गाडी चालू झाल्यावर सुरू होतो. अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही. लगेच सगळे म्हणतात, "जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक तोटी) बदल." कॉलनीतले काका, ज्यांनी आयुष्यभर स्कूटर चालवली, तेही म्हणतात. दोष बहुतेक वेळा वीज बनवणाऱ्या मॅग्नेटमागच्या क्रँक सीलचा असतो. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि जॅम होतो. पोर्टिंगवर पगार उडवणारा माणूस या फुटकळ रबराच्या रिंगला "जुनंच चालेल" म्हणतो, हे मला कधीच कळलेलं नाही. क्लचकडचं सील गेलं तर उलट: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्सचं ऑइल गुपचूप कमी होत जातं.

म्हणून इंजिन फ्रेममध्ये चढवायच्या आधी एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड रबरानं बंद करून सहा पीएसआय दाबाची हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. सहा मिनिटं दाबाचा गेज जवळपास जागेवर राहिला पाहिजे. सायकलचा पंप चालतो, पण जपून. जास्त भरली तर चांगलं सीलच बाहेर येतं.

ऑइल पंपाचा पाइप काढला असेल तर त्यातली हवा ब्लीड स्क्रूतून काढा, आणि पहिल्या टाकीत लिटरमागे ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) घाला. मग गाडी चालवून स्पार्क प्लगचं टोक बघा: विटकरी तपकिरी असेल तर शाबास, पांढरा असेल तर थांबा, काळा ओला असेल तर आता जेट बदला. काकांनाही बोलवा.

दुसरा, जास्त आवाजाचा सायलेन्सर बसवलात तरी मूळ सायलेन्सर मात्र भंगारात देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या फेरफारांवर आहे, आणि पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवतात.