दोन बाय दीडचा समुद्र

खाऱ्या पाण्यातले मासे घरात पाळले की येणारा-जाणारा दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "हे खातात का?" आणि दुसरा, "पाणी समुद्राचं आणता का?" पहिल्या प्रश्नाला मी गप्प बसतो. आम्ही पडलो ठाण्याचे कायस्थ, त्यामुळे पाहुणे त्या गप्प बसण्याला होकार समजतात आणि आई तो गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे, आणि ते सुरू झालं की पाहुण्यांना एकदम घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

खाडी आमच्या नौपाड्यापासून काही लांब नाही. फ्लेमिंगोंना ती पसंत आहे, २०२२ साली तिचं नाव पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत लागलं, मलाही तिच्याबद्दल आदर आहे. पण ते पाणी बादलीत भरलं तर गाळ खाली बसेपर्यंत संध्याकाळ होते, आणि गाळाशिवाय त्यात काय काय आहे हे या शहराच्या नाल्यांनाच ठाऊक. तेव्हा समुद्र घरीच करायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि लेकीने हात वर केला. लोकल पकडून, चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय बघून आलेल्या माझ्या पिढीच्या डोक्यात ती खाज असतेच. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून उभा राहिलेला मुलगा पुढे घरात गप्पी पाळतो, मग फायटर पाळतो, आणि चाळिशी उलटली की त्याला खारं पाणी खुणावायला लागतं. काहींना या वयात ट्रेकिंग खुणावतं. ते स्वस्त पडतं.

टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. या धंद्यात तिला 'नॅनो' म्हणतात. तिच्यात सव्वाशे लिटर पाणी मावतं हे कळल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी काका वर आले.

"काच, स्टँड, दगड, वाळू धरून वजन किती?"

"असेल पावणेदोनशे-दोनशे किलो."

"स्लॅब जुना आहे. रिडेव्हलपमेंटचं चाललंय, माहितीये ना?"

"काका, मागच्या सत्यनारायणाला याच हॉलमध्ये तीस माणसं जेवली. त्यांचं वजन करा."

काकांनी क्षणभर विचार केला. "पण ती जेवून उठून गेली," ते म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी टाकी हॉलच्या मध्ये न ठेवता बीमवर, भिंतीला लागून ठेवायची अशी तडजोड झाली. बीम कुठून जातो हे काकांनी छताकडे बघून, बोटाने हवेत रेघ मारून दाखवलं. त्या रेघेवर सोफा होता. सोफा आता बेडरूममध्ये आहे.

मग पाण्याचं प्रकरण. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचंही चालत नाही, कारण पाण्याला चव यावी म्हणून ती यंत्रं थोडे क्षार त्यात पुन्हा मिसळतात. इथे लागतं अगदी कोरं पाणी, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे आणखी एक रेझिनची नळी लागते, आणि एक लिटर कोरं पाणी हातात येईपर्यंत तीनेक लिटर पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर जातं. ज्या घरात शुक्रवारी पाणी येणार नाही म्हणून गुरुवारी पातेलीसुद्धा भरून ठेवतात, त्या घरात मोरीत दिवसभर अशी धार लागलेली बघून आईने आधी देवाचं नाव घेतलं, मग बादल्या लावल्या. तेव्हापासून आमची फरशी, गॅलरीतला जिना आणि खालच्या मजल्यावरची तुळस अखंड ओली असते.

टीडीएस मोजायचं पेन लेकीच्या हाती लागलं आणि घरातला एकही द्रव सुटला नाही. नळाचं पाणी, माठाचं पाणी, ताक, शेजारच्या काकूंनी दिलेलं कोकम सरबत. सगळ्यांना मार्क मिळाले. देवघरातलं काशीहून आणलेलं गंगाजल तिने हातात घेतलं तेव्हा मात्र आईने पेन काढून घेतलं. "गंगेला मार्क देणारी तू कोण गं?"

आता मीठ. "मीठ विकत आणणार?" आईला खरंच कळेना. "भाईंदरला मिठागरं आहेत, भांडुपला आहेत. आपण मिठाच्या ढिगावर बसलोय." मी समजावलं की घरातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी सोडियम आणि क्लोराइड मिळून भरतात साधारण ८५ टक्के. बाकीचे १५ टक्के म्हणजे मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम अशी मंडळी, आणि माशांच्या मिठाच्या डब्यावरची सगळी किंमत त्या १५ टक्क्यांची. बायको हिशेबाची पक्की आहे. ती म्हणाली, "म्हणजे ८५ टक्के आपल्या डब्यातलं घालून उरलेलं विकत आणलं तर?" दुकानदाराने हा प्रश्न ऐकून फोन ठेवला.

लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने धुण्याच्या पिंपात मीठ घातलं, छोटी मोटर सोडली आणि रात्रभर ढवळू दिलं. सकाळी मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, काढला. एका टोकाला तिरकी निळसर काच, तिच्यावर थेंब टाकायचा, वर पारदर्शक झाकण दाबायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटून बघायचं. वर निळं, खाली पांढरं, दोन्ही जिथे भेटतात तो आकडा. मी हे सगळं करेपर्यंत आईने पिंपात करंगळी बुडवून जिभेला लावली होती. "किंचित जास्त झालंय," ती म्हणाली. आकडा ३७ होता. तेव्हापासून मी आधी आईला विचारतो, मग यंत्राला, आणि यंत्र चुकत असेल तर ते कॅलिब्रेट करून घेतो.

पाणी भरलं, मोटर लागली, आता मासे, असं लेकीला वाटलं. मासे नाही. मासे सोडले की त्यांच्या मलमूत्राचा अमोनिया होतो आणि अमोनिया म्हणजे विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, जे त्या मानाने सुसह्य. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला अमोनिया लागतो. तो पुरवायचा सोपा उपाय म्हणजे टाकीत एक कोळंबी टाकून ती सडू देणं.

हे वाक्य आमच्या घरात उच्चारणं सोपं नव्हतं.

चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या नेहमीच्या मावशींकडे मी आईसोबतच गेलो. "एकच?" मावशी म्हणाल्या. "नैवेद्य हाय का कुनाचा?"

"पाण्यात सडवायची आहे."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "सोन्यासारखा पोरगा होता वो तुमचा."

आई वाटेत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आपल्याकडे कोळंबीची डोकीसुद्धा सारात जातात. सोडे वर्षभर पुरवून खातो. आणि तू…" पुढचं तिला बोलवलं नाही. तिने ती कोळंबी हातात घेतली, साल काढावी की नाही या विचारात थोडी थबकली, आणि मला दिली. टाकीत ती वाळूवर आडवी पडली. दोन-चार दिवसांत तिच्याभोवती पांढरी साय धरली आणि हॉलमध्ये कोळीवाडा आला. उदबत्त्यांचा खप वाढला.

या काळात आमची करमणूक म्हणजे रंग. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटांनी कार्डावरच्या पट्ट्यांशी ताडून बघायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. जितकं हिरवं तितकं वाईट. पण किती हिरवं? मला सगळे हिरवे सारखेच दिसतात. बायको म्हणे, "हिरवट." आई चष्मा सारखा करून म्हणाली, "हा पोपटी. काल शेवाळी होता, आज पोपटी झालाय. उतरतंय." समोरच्या काकूंना बोलावलं, त्यांनी ट्यूबलाइटखाली न बघता खिडकीशी नेऊन बघितलं, पैठणी बघतात तसं. "पोपटी नाही, कैरी," त्या म्हणाल्या. नायट्राइटची नळी आकाशीवरून जांभळ्यावर गेली तेव्हा तर दोघींनी कुणाच्या तरी लग्नातला अख्खा बस्ता काढला. वहीत मी आकडे लिहितो, त्यांच्याशेजारी आईने आपल्या अक्षरात लिहिलंय: आमसुली, वांगी, चिंतामणी.

"जिवाणू यायला इतके दिवस? मग कुणाकडून विरजण का आणत नाहीस?" तिने एकदा विचारलं. मी चमकलो, कारण या छंदातले जुने लोक करतात ते हेच. वाशीला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांची टाकी कित्येक वर्षांची. त्यांच्या फिल्टरमधला स्पंज त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून मी ट्रान्सहार्बरने ठाण्याला आणला. डब्याचं झाकण घट्ट लावलं तर जिवाणूंना हवा मिळत नाही, सैल ठेवलं तर लोकांना मिळते. तुर्भ्याला माझ्या शेजारची सीट रिकामी झाली, रबाळ्याला समोरचीही. ऑफिस सुटण्याच्या वेळेला ठाणे लोकलमध्ये एवढी ऐसपैस जागा मला पुन्हा मिळायची नाही.

आता मुख्य मुद्दा: प्रवाळ. रीफ टाकी, म्हणजे घरातली प्रवाळभित्ती, म्हटलं की लोकांना रंगीबेरंगी प्रवाळ हवेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आले. त्याच अनुसूचीत वाघ आहे. म्हणजे हॉलमध्ये प्रवाळ ठेवणं आणि गॅलरीत वाघ बांधणं यात कायद्याला फारसा फरक वाटत नाही. एका दुकानदाराने आवाज खाली आणून "साहेब, पाहिजे तर सांगा" म्हटलं होतं. मी तिथून वाळू घ्यायचीही टाळली. तेव्हा आमचं रीफ सिरॅमिकच्या दगडांचं आहे. प्रवाळांसाठी लागणारा महागडा दिवाही वाचला, आणि बायकोने या कायद्याची एवढी स्तुती केली की मला जरा संशयच आला. आमच्या घरात येणारं एकमेव प्रवाळ म्हणजे मामांच्या अनामिकेतलं पोवळं. ते मंगळासाठी आहे आणि गणपतीला आले की टाकीच्या काचेवर टकटक करतं.

माशांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मासे हा या उद्योगातला सगळ्यात कमी त्रासाचा भाग. क्लाउनफिशची जोडी आणली, टाकीतच पैदास झालेली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांची अंडी उबवण्यापासूनचं तंत्र बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडून आणलेल्यांची गरज नाही. हे सगळे जन्माला नर म्हणून येतात. जोडीतला थोरला मादी होतो, आणि ती गेली तर धाकट्याला बढती मिळते. हे मी आईला सांगितल्यावर तिने "बरं" एवढंच म्हटलं आणि दोघांची नावं काढली. नावं दोन्ही चालतील अशी, शशी आणि किरण.

पाण्याला २५-२६ अंश लागतात. मे महिन्यात ठाण्यात पारा चाळिशीला टेकतो. पंखा पाण्यावर रोखला की दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्प होऊन पाणीही उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं. म्हणून रोज वरून साधं पाणी घालायचं, खारं नाही. हे लोकांना समजावताना माझी दमछाक होते. आईला एकदाच सांगितलं. "मग काय, समुद्रात पाऊस पडतो तो गोडाच असतो की," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन निघाली. पावसाळ्यात हवाच इतकी ओली की पंखा नुसता फिरतो, म्हणून शेवटी चिलर घेतला. चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि हॉलमध्ये सोडतो. शशी आणि किरण २५ अंशांत, आम्ही चौघं छत्तीसमध्ये. बिल बघून बायकोने विचारलं, "आपण आत बसलो तर किती खर्च येईल?"

वीज गेली की वेगळीच धांदल. मोटर थांबली की पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. बॅटरीचा पंप आहे, पण त्याची बॅटरी ज्या दिवशी वीज जाते त्याच दिवशी उतरलेली असते. मग माणसं लावायची. टाकीतलं पाणी तांब्याने घ्यायचं आणि फूटभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, हवा मिसळावी म्हणून. सेक्रेटरी काका एकदा मेंटेनन्सच्या पावत्या घेऊन आले तेव्हा अंधारात मेणबत्तीच्या उजेडात आई तांब्याने काचेच्या पेटीवर संथ धार धरून बसली होती. काकांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला जायचं ठरलं तर सगळ्यांनी एकदम जाणं शक्य नव्हतं. आई म्हणाली, मी राहते, मला काय अलिबाग नवीन आहे? मी दोन पानं सूचना लिहिल्या. तिने त्या वाचल्या, वहीत ठेवल्या आणि त्यांखाली स्वतःची एक लिहिली: फोन करू नये.

मांडव्याला बोटीतून उतरून आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर गेलो. बायको भेळेच्या गाडीकडे वळली, आणि लेकीने पिशवीतून माझा रिफ्रॅक्टोमीटर काढला. तो तिने कधी घेतला मला पत्ता नव्हता. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने थेंब घेतला, झाकण दाबलं, सूर्याकडे पाठ करून एक डोळा मिटला. पावसाळा नुकताच सरलेला, खाड्यांचं गोडं पाणी अजून किनाऱ्याला मिसळलेलं.

"बाबा, ३१! चार कमी!" ती तिथूनच ओरडली. "समुद्र नापास!"

मी चपला काढून स्वतः बघायला निघालो. ३१ च होता. ढवळलेलं नीट नसेल म्हणून जरा पुढे जाऊन दुसरा थेंब घ्यावा, असं मी म्हणत होतो, तेवढ्यात मागून भेळ खात बायको आली.

"मीठ घालत बसू नका आता त्यात," ती म्हणाली. "पाचची बोट आहे."